पुट्टीचा डबा बाजूला ठेवा, आधी ड्रिल घ्या

एका वाचकाचं पत्र आलंय, मोठं आहे म्हणून कामाचं तेवढंच इथे देतो. "१९८४ सालची साडेपाच मीटरची फायबरची उघडी मोटरबोट घेतली. बरीच वर्षं ट्रेलरवर ताडपत्रीखाली पडून होती. फ्लोअर दोनतीन ठिकाणी पायाखाली दबतं, मागे ट्रान्समच्या कोपऱ्यात बारीक चिरा आहेत, तळाला पुटकुळ्यांसारखे फोड आलेत. मेहुणे म्हणतात पुट्टी भर, वरून फायबरचा एक थर मार, रंग दे, महिन्याभरात पाण्यात. मला जुन्या ४० हॉर्सपॉवरच्या टू स्ट्रोकच्या जागी ६०चं फोर स्ट्रोक लावायचंय. रेझिन पॉलिस्टर घेऊ की इपॉक्सी? आणि रंग गडद निळा चालेल का?"

तुमच्यात आणि मेहुण्यांत भांडण लावायची माझी अजिबात इच्छा नाही, पण त्यांचं ऐकलंत तर पुढच्या वर्षी हेच पत्र परत लिहाल, फक्त तेव्हा बोट अजून जड झालेली असेल.

काय होतं बघा, लोकांना वाटतं फायबरची बोट म्हणजे सगळी फायबरच. तसं नसतं. त्या काळातल्या बहुतेक मोटरबोटींमध्ये बाहेरचं कवच फायबरचं, पण ट्रान्समच्या, म्हणजे इंजिन लागतं त्या मागच्या उभ्या भिंतीच्या, पोटात प्लायवूड, फ्लोअर म्हणजे प्लायवूडवर फायबरचा पातळ थर, आणि खाली जे लांब उभे आधार असतात, स्ट्रिंगर, त्यांच्यातही लाकूड. कवच सहसा मरत नाही. फायबरच्या बोटी १९४० च्या दशकापासून बनतायत आणि पन्नास साठ वर्षं जुनी हल, म्हणजे बोटीची कवचं, आजही पाण्यात फिरतायत. मरतं ते आतलं लाकूड, आणि ते बाहेरून दिसत नाही, म्हणून सगळे जे दिसतं त्यालाच पुट्टी लावत बसतात. तुमच्या तिन्ही तक्रारींपैकी फोड दिसायला सगळ्यात भयानक आहेत आणि बहुधा सगळ्यात कमी महत्त्वाचे आहेत. खरी काळजी फ्लोअर आणि ट्रान्समची.

तर पहिलं काम, पाणी कुठून शिरलं आणि कुठे जाऊन बसलं ते शोधा. हातोडीचं प्लॅस्टिकचं दांडकं घ्या आणि सगळी बोट ठोकत फिरा, मडकं वाजवून घेतो तसं. चांगल्या जागी आवाज टणक येतो, जिथे थर सुटलेत किंवा लाकूड कुजलंय तिथे भद्द येतो. खडूने खुणा करत जा. मग ड्रिल. तीनचार मिलिमीटरचा बिट, बिटवर टेप गुंडाळून खोली ठरवून घ्या म्हणजे आरपार जाणार नाही, आणि ट्रान्समला आतल्या बाजूने, अगदी खाली, पाणी काढायच्या बुचाच्या आसपास भोक पाडा. भुसा कोरडा, फिक्या रंगाचा निघाला तर छान. काळपट, ओला, आंबूस वासाचा लगदा निघाला तर उत्तर मिळालं, अजून दोनचार ठिकाणी वर वर पाडत जा म्हणजे ओल कुठपर्यंत चढलीय ते कळेल. भोकाला घाबरू नका, तीन मिलिमीटरचं भोक इपॉक्सीने पाच मिनिटांत बुजतं. ओलावा मोजायचं मीटर मिळालं तर वापरा, पण त्याच्या आकड्यावर एकट्यावर विसंबू नका, खाली धातू असला किंवा तळाला तांब्याचा अँटीफाउलिंग रंग (शेवाळ, शिंपले चिकटू नयेत म्हणून लावतात तो) असला की ते उगाच जास्त दाखवतं. आणखी एक सोपी टेस्ट म्हणजे जुनं इंजिन अजून लावलेलं असेल तर ते अर्धं वर उचलून खालचा भाग धरून वरखाली हलवा आणि दुसऱ्या कोणाला तरी ट्रान्समकडे बघायला सांगा. ट्रान्सम श्वास घेतल्यासारखा आतबाहेर होताना दिसला तर कोपऱ्यातल्या चिरांचं कारण तेच.

बुचाजवळच का म्हणालो, तर तिथली पितळी नळी प्लायवूडमधून आरपार गेलेली असते आणि तिच्याभोवतीचं सीलंट काही वर्षांत सुकून सुटतं. फिश फाइंडरच्या सेन्सरचे स्क्रू, शिडीचे स्क्रू, इंजिनाचे बोल्ट, सगळी हीच गोष्ट. कोणीतरी दोन मिनिटांत स्क्रू मारलेला असतो आणि पाणी पुढची वीस वर्षं त्या वाटेने आत जात असतं.

अजून एक, बोट वजनकाट्यावर नेऊन या, ट्रेलरसकट वजन करून ट्रेलरचं वजा करा. कंपनीच्या जुन्या माहितीपत्रकापेक्षा वजन खूपच जास्त आलं तर फ्लोअरखालच्या फोमने पाणी पिलंय. नवा पॉलियुरेथेन फोम घनमीटरला साधारण ३२ किलो भरतो, म्हणजे कोरडा असताना त्याचं वजन नसल्यातच जमा. वर्षानुवर्षं पाण्यात बसलेला फोम मात्र स्पंजासारखा होतो आणि तो उन्हात ठेवून सुकत नाही हो, लोक प्रयत्न करतात, तो खणून काढूनच टाकावा लागतो.

आता समजा फ्लोअर उघडायचंच ठरलं, आणि तुमच्या वर्णनावरून ते उघडावंच लागेल असं मला वाटतं. ग्राइंडर सुरू करायच्या आधी जो मुद्दा बहुतेक जण विसरतात तो इथे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. फ्लोअर आणि स्ट्रिंगर हेच हलचा आकार धरून ठेवतात. ते कापून काढलेत की उरतं ते लवचिक कवच, आणि ते ट्रेलरच्या चार रोलरवर टेकलेलं असेल तर रोलरच्या जागी आत दबतं आणि मधे लोंबतं. डोळ्याला कळणारही नाही इतकं. मग तुम्ही प्रेमाने नवे स्ट्रिंगर बसवता, फायबर करता, आणि तो वाकडा आकार कायमचा पक्का होतो. वेगात पळणाऱ्या बोटीच्या तळाला मागच्या बाजूला थोडा जरी खोलगटपणा आला तरी बोट नाक खाली घालून पळते, नाहीतर वळणावर विचित्र वागते, आणि मग माणूस इंजिनाला, प्रोपेलरला दोष देत बसतो. म्हणून आधी बोट ट्रेलरवरून उतरवून खाली लाकडी चौकटींचा पाळणा करा, तळाच्या आकाराला धरून, जितक्या जास्त जागी आधार तितकं चांगलं. सरळ लांब पट्टी घेऊन तळाचा मागचा दीडदोन मीटर भाग तपासा, सरळ आहे ना बघा. वर दोन्ही काठांच्या मधे आडव्या पट्ट्या ठोकून रुंदी लॉक करा. आणि सगळे स्ट्रिंगर एकदम काढू नका, एक काढा, त्याची उंची आणि जागा लिहून ठेवा, नवा बसवा, मग दुसरा. फोटो तर भरपूर काढा, नंतर आठवत नाही कुठली वायर कुठून गेली होती.

फ्लोअर उघडलंच आहे तर खालची पेट्रोलची टाकी बाहेर काढून बघा. ॲल्युमिनियमची टाकी ओल्या फोममध्ये वर्षानुवर्षं बसली की खालून कुरतडल्यासारखी होते. नवीन फ्लोअर टाकून मग टाकी गळतेय असं कळणं यासारखं वाईट काही नाही.

ट्रान्समसाठी आतली कातडी कापा, बाहेरची शाबूत ठेवा, म्हणजे बोटीचा बाहेरचा आकार आणि फिनिश वाचतं. कुजलेलं प्लाय छिन्नीने, ग्राइंडरने सगळं काढा, चांगलं दिसतंय म्हणून अर्धं ठेवायचा मोह होतो, ठेवू नका. जाडी आधी मोजून ठेवा, आउटबोर्डच्या ट्रान्समची एकूण जाडी साधारण ३८ मिलिमीटर असते आणि इंजिनाचे क्लॅम्प त्याच हिशोबाने बनवलेले असतात. मरीन प्लायचे दोन थर इपॉक्सीने एकमेकांना चिकटवून ही जाडी येते. मरीन प्लाय म्हणजे बीएस १०८८ शिक्का असलेलं, नुसतं वॉटरप्रूफ लिहिलेलं फर्निचरचं प्लाय नाही, त्याच्या आतल्या थरांत फटी असतात. लाकूड परत नकोच असेल तर फायबर घातलेले जड फोमचे बोर्ड मिळतात, ते कुजत नाहीत, महाग पडतात. प्लायच्या कडांना इपॉक्सी पाजा, पिऊन झालं की परत पाजा, कडेनेच पाणी शिरतं. बसवताना सिलिका पावडर घालून घट्ट केलेलं इपॉक्सी पूर्ण पृष्ठभागावर पसरा आणि क्लॅम्प आवळताना जीव खाऊन आवळू नका, सगळं मिश्रण बाहेर निघून जातं आणि बाहेरची कातडीही आत ओढली जाते. कडेने सारखं थोडं थोडं बाहेर आलं की बास. कोपऱ्यांत त्याच घट्ट मिश्रणाची गोलाई भरा, फायबरचं कापड काटकोनात वळत नाही, मागे हवेची पोकळी राहते.

रेझिनचा प्रश्न. लोक यावर मारामाऱ्या करतात. तुमची बोट पॉलिस्टरने बनलीय आणि पॉलिस्टर वाईट आहे असं कोणी म्हणालं तर ऐकून सोडून द्या. पण नवीन बोट बनवताना थर एकामागून एक ओले असताना बसतात आणि रासायनिकरीत्या एकजीव होतात. तुम्ही चाळीस वर्षांपूर्वी वाळलेल्या थरावर चिकटवताय, तिथे एकजीव होणं संपलं, नुसती पकड असते, आणि पकडीत इपॉक्सी बराच पुढे आहे. लाकडाला तर पॉलिस्टर नीट धरतच नाही, जुन्या स्ट्रिंगरवरचं फायबर सालीसारखं हाताने निघून येतं ते याचमुळे. तेव्हा ट्रान्सम, स्ट्रिंगर, फ्लोअर, सगळीकडे इपॉक्सी घ्या. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, साधी चॉप्ड स्ट्रँड मॅट, म्हणजे तुकडे केलेल्या फायबरच्या धाग्यांची चटई, इपॉक्सीबरोबर घेऊ नका, तिचे धागे धरून ठेवणारा चिकट पदार्थ पॉलिस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत स्टायरीन नसतं, मॅट पुठ्ठ्यासारखी ताठ राहते. दोन दिशांचे धागे एकमेकांवर ठेवून शिवलेलं बायअॅक्सियल कापड घ्या. दुसरं, इपॉक्सीवर जेलकोट, म्हणजे फायबरच्या बोटीचा सगळ्यात बाहेरचा चकचकीत थर, नीट वाळत नाही, त्यामुळे जिथे इपॉक्सी लावलं तिथे वरून पेंटच.

मिसळताना फरक आहे हां. पॉलिस्टरमध्ये हार्डनर म्हणजे एमईकेपी, साधारण एक ते दोन टक्के, गरमी असेल तर कमी, थंडी असेल तर जास्त, तिथे हात थोडा पुढेमागे चालतो. इपॉक्सीत प्रमाण म्हणजे प्रमाण, लवकर वाळावं म्हणून हार्डनर जास्त घातलंत तर लवकर वाळत नाही, उलट कायमचं मऊ, चिकट राहतं आणि मग ते खरवडण्यात दोन रविवार जातात. लवकर हवं असेल तर फास्ट हार्डनर वेगळा मिळतो तो घ्या. एका वेळी थोडंच मिसळा आणि मिसळलं की पसरट ट्रेमध्ये ओता, उंच डब्यात ठेवलंत तर स्वतःच्याच उष्णतेने तापतं, धूर निघतो, डबा वितळतो. उरलेलं तसंच शेडमध्ये सोडून घरी जाऊ नका.

आणि चिकटवायच्या आधी साफसफाईचा क्रम चुकवू नका, आधी सॉल्व्हंटने पुसायचं, मग घासायचं. उलटं केलंत तर पृष्ठभागावरचं जुनं मेण, तेल घासताना ओरखड्यांत भरलं जातं आणि नंतर पुसून निघत नाही. एका फडक्याने ओलं करा, ते वाळायच्या आत दुसऱ्या स्वच्छ फडक्याने पुसून घ्या. मग ८० नंबरचा पॉलिश पेपर. इपॉक्सी वाळल्यावर त्यावर कधीकधी मेणचट थर येतो, तो पाण्याने आणि स्क्रबरने आधी धुवा, मगच घासा.

चिरा. ट्रान्सम बदलल्यावर चिरांचं कारण गेलं, आता त्या बुजवता येतात, आधी बुजवल्या असत्या तर परत आल्या असत्या. बारीक ग्राइंडिंग बिटने चीर व्ही आकारात उघडा आणि आत बघा. जेलकोट जेमतेम अर्धा मिलिमीटर असतो, चीर तिथेच संपली तर घट्ट इपॉक्सी भरा, झालं. खालचं फायबर पांढरं पडलेलं, पिचलेलं दिसलं तर ते तुटलंय, तिथे पुट्टी म्हणजे निव्वळ मेकअप. मग तो भाग उताराने घासायचा, जाडीच्या बारा पट रुंद. म्हणजे जाडी सहा मिलिमीटर असेल तर प्रत्येक बाजूला ७२ मिलिमीटर उतार. बघायला भीती वाटते, एवढीशी चीर आणि केवढा खड्डा, पण नव्या जुन्याची पकड त्या उतारावरच असते.

फोडांबद्दल फार लिहीत नाही. चष्मा लावून एक फोडा, आत दाब असतो, पिचकारी उडते. व्हिनेगरसारखा वास आला तर तो पाणी जेलकोटमधून झिरपून झालेला फोड. उघडा, गोड्या पाण्याने परत परत धुवा, आणि मग वाळू द्या, आठवडे लागतील, घाई करू नका. वाळलं की नाही हे बघायला पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने हलवर चिकटवून ठेवा, आतून बाष्प धरलं तर अजून ओलं आहे. मग इपॉक्सी पुट्टी. बोट कायम पाण्यात राहणार असेल तर वरून पाणी अडवणारा इपॉक्सी बॅरियर कोट, वाळल्यावर एकूण २५० ते ३०० मायक्रॉन भरेल इतके हात. ट्रेलरवरच ठेवणार असाल तर मी तो खर्च करणार नाही. ओल्या हलवर बॅरियर कोट तर मुळीच नको, पाणी आत कोंडून ठेवाल. तळाला जुना अँटीफाउलिंग रंग असेल तर तो कोरडा घासू नका, त्या काळच्या रंगांत कथिलाची विषारी संयुगं असायची, २००८ पासून त्यांच्यावर जगभर बंदी आहे. ओलं करून खरवडा आणि खरवड गोळा करा.

फ्लोअर बंद करायच्या आधी फोम परत भरा, जागा रिकामी ठेवू नका, बोट पाण्याने भरली तर तोच तुम्हाला वर ठेवतो, एक घनमीटर कोरडा फोम साडेनऊशे किलोच्या वर उचलून धरतो. खाली मधोमध पाणी वाहून बुचापर्यंत जाईल अशी वाट मोकळी सोडा, मूळ बोटीत ती नसते किंवा बुजलेली असते, म्हणून तर फोम भिजला. थर्माकोलचे तुकडे भरायची आयडिया कोणी देईल, तो पेट्रोलने आणि पॉलिस्टर रेझिनने विरघळतो.

नवीन भोकं पाडताना, म्हणजे सीटचे, रेलिंगचे बोल्ट वगैरे, सरळ स्क्रू मारू नका. सहाचा बोल्ट असेल तर बाराचं भोक पाडा, घट्ट इपॉक्सीने भरा, वाळल्यावर त्यात सहाचं पाडा. आता पाणी शिरलं तरी लाकडापर्यंत पोचत नाही. पाण्याखालचे फिटिंग ब्राँझचे किंवा मरीन नायलॉनचे, पितळ नको, खाऱ्या पाण्यात पितळातलं जस्त निघून जातं आणि उरतो तो ठिसूळ सांगाडा. सीलंट पॉलियुरेथेनचं. सिलिकॉन रंग द्यायच्या जागेजवळसुद्धा आणू नका, त्यावर रंग धरत नाही.

मास्कवर पैसे वाचवू नका. धुळीचा साधा मास्क स्टायरीनची वाफ अडवत नाही, ऑरगॅनिक व्हेपरचे कार्ट्रिज असलेला हवा. एमईकेपी डोळ्यात गेलं तर दृष्टी जाऊ शकते, त्यामुळे चष्मा तो ओतायच्या आधी, नंतर नाही. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की जात नाही, ग्लोव्हज घाला आणि हात ॲसिटोनने धुवू नका.

६० हॉर्सपॉवर. आधी बोटीवरची पाटी शोधा, जास्तीत जास्त किती हॉर्सपॉवर आणि किती वजन ते लिहिलेलं असतं, ६० त्याच्या बाहेर असेल तर विषय संपला, नवीन ट्रान्सम कितीही दणकट केलात तरी. आत असेल तरी वजन बघा, फोर स्ट्रोक जुन्या टू स्ट्रोकपेक्षा सहसा बरंच जड असतं. दोन्ही इंजिनांच्या वजनातला फरक काढा आणि बोट पाण्यात असताना तितक्या वजनाचे पाण्याचे कॅन मागे ट्रान्समला लागून ठेवा, पाणी बाहेर जायच्या भोकांतून उलटं आत यायला लागलं तर समजून जा. आणि ट्रान्सम कापायच्या आधी इंजिन कुठलं ते पक्कं करा, शॉर्ट शाफ्टला, म्हणजे पाण्यात जाणारा पाय आखूड असलेल्या इंजिनाला, ट्रान्समची उंची ३८ सेंटिमीटरच्या आसपास लागते, लाँगला ५१, नंतर कळलं तर परत कापाकापी.

रंग सगळ्यात शेवटी. हाय बिल्ड प्रायमर, त्यावर गाइड कोटचा, म्हणजे खड्डे दिसावेत म्हणून मारायच्या वेगळ्या रंगाचा, हलका हात, लांब फळीला पॉलिश पेपर लावून घासा, खड्डे आपोआप दिसतात. मग टू पार्ट पॉलियुरेथेन, रोलरने लावून लगेच ब्रशने हलकं ओढायचं, स्प्रे करू नका, त्यातल्या आयसोसायनेटसाठी बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. आणि निळ्याचं म्हणाल तर, वरच्या काठाला पट्टा मारा हवं तर, पण पूर्ण हल नको. गडद रंग उन्हात खूप तापतो, तापला की खालच्या फायबरच्या विणीची नक्षी वर उमटते, आणि तुम्ही इतक्या मेहनतीने भरलेलं पुट्टीचं एकूण एक ठिगळ लांबूनही मोजता येतं. पांढराच द्या, किंवा अगदी फिका राखाडी.